गालाखालचं लाकूड

सबनीसांशी मला कधीच भांडता आलं नाही. ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्यावरचा राग उतरत नाही, तो आत तसाच बसून राहतो. माझा आजही बसला आहे. दरवर्षी दसऱ्याच्या आधी मंडळाचे लोक झेंडू आणि नारळ सांगायला माझ्या दुकानात येतात, "गायकवाड, या वर्षी तरी यायचं हं" म्हणतात. मी माल देतो. जात नाही.

जपानात, हिगाशी-कसाईला माझं किराणा दुकान आहे. साताऱ्याकडून मी आलो तो हॉटेलात भांडी घासायला, आणि दहा वर्षांत स्वतःचं दुकान टाकलं ते तोंडाच्या जोरावर. घासाघीस केल्याशिवाय मी साधी छत्रीसुद्धा घेतलेली नाही, आणि जपानी माणूस घासाघीस करत नाही हे मला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. दोन हजार सालानंतर आयटीवाल्यांचे लोंढे आले, समोरच्या इमारती एकेक करून आपल्या लोकांनी भरल्या आणि तूरडाळ मला पुरेना. त्याच लोंढ्यात मधुकर सबनीस आले. वय पन्नाशीच्या पुढचं. बँकेच्या सिस्टिमचं काम, मुंबईहून पाठवलेले. बाकी सगळे तिशीचे, बायका-मुलांसकट. हे एकटे. बायको नलिनी वर्षभरापूर्वी गेलेली.

दुकानात त्यांची पहिली ओळख झाली ती अशी. संध्याकाळी अर्धा किलो मूगडाळ घेऊन गेले आणि पाऊण तासाने परत आले. मला वाटलं, मापात कमी भरली म्हणून आले. मी तोंड उघडायच्या तयारीत.

"गायकवाड, पिशवीवर अर्धा किलो लिहिलंय. आत जास्त आहे."

"असू द्या की साहेब. तुमचा फायदा."

"फायदा नाही हो. लिहिलंय एक आणि आहे एक." त्यांनी जास्तीची डाळ वेगळ्या पुडीत बांधून आणली होती.

हा माणूस दुकानदाराला जड जाणार हे मी त्याच दिवशी ओळखलं. जपानी मात्र त्यांना आवडायचे. कचरा त्यांच्याइतका नीट वेगळा करणारा मी जपान्यांतही पाहिला नाही. बाटली धुवायची, झाकण वेगळं, कागद वेगळा. जळणारा कुठल्या वारी आणि न जळणारा कुठल्या वारी याचा तक्ता त्यांच्या दारामागे होता, आणि दुसरा त्यांच्या डोक्यात. बोलणं कमी. रागावणं नाहीच. त्यांचा डावा हात कोपरात पूर्ण सरळ होत नसे, फार पूर्वी स्कूटरवरून पडले होते. त्यामुळे ते नेहमी काहीतरी छातीशी धरल्यासारखे चालत.

त्यांना एकच नाद होता, नेमबाजीचा. कॉलेजात एनसीसीत असताना रायफल हाती आली होती. नोकरी लागली आणि रायफल सुटली. जपानला आल्यावर ऑफिसातल्या कुणीतरी एका रविवारी त्यांना चिबाकडच्या रेंजवर बघायला नेलं. तिथे साठी-सत्तरीची म्हातारी माणसं शांतपणे हवेच्या रायफलीने छर्रे मारत बसलेली. सबनीस मला म्हणाले, "तिथे कोणी बोलत नव्हतं. मला फार बरं वाटलं."

इथे बंदूक ठेवायची म्हणजे काय असतं ते आपल्या लोकांना सांगून खरं वाटत नाही. वर्ग, परीक्षा, डॉक्टरचा दाखला. मग पोलीस घरी येतात. भिंतीला स्क्रूने ठोकलेलं लोखंडी कपाट आहे का बघतात, शेजाऱ्यांना विचारतात, ऑफिसात विचारतात. सबनीसांचं जपानी मोडकं, म्हणून दुभाषा मी. एदोगावाच्या ठाण्यातले ओनो-सान म्हणून एक पोलीस होते, चष्मा कपाळावर ठेवणारे. ते माझ्या दुकानातही आले. सबनीस दारू पितात का, शेजाऱ्यांशी तंटा आहे का, पटकन रागावतात का?

मी म्हटलं, "रागावत नाहीत, हीच त्यांची अडचण आहे."

ओनो-साननी तेही लिहून घेतलं.

रायफल घ्यायला आम्ही कोतोमधल्या एका जुन्या बंदुकीच्या दुकानात गेलो. सबनीसांना नेहमीची लांब रायफल झेपेना. तिचं वजन पुढे असतं आणि यांचा डावा हात पुढे पोचत नाही. म्हाताऱ्या दुकानदाराने कोपऱ्यातून एक वापरलेली काढली. अशा रायफलीला बुलपप म्हणतात. तिची सगळी यंत्रणा मागे दस्त्यात ढकललेली असते आणि चाप तिच्या पुढे येतो. नळी पूर्ण लांबीची, पण बंदूक हातभर आखूड, आणि सगळं वजन खांद्यापाशी. सबनीसांनी ती उचलली. तो वाकडा हात जिथे संपत होता तिथेच तिची मूठ होती.

मी लगेच तोंड वळवलं आणि दुकानदाराशी सुरू झालो. ही वापरलेली आहे, हिला इथे ओरखडा आहे, आखूड बंदुकीला गिऱ्हाईक कोण? म्हातारा चांगला खाली आला होता. तेवढ्यात सबनीसांनी दोरीला बांधलेल्या चिठ्ठीवरची किंमत वाचली आणि तेवढे पैसे काउंटरवर ठेवले.

बाहेर आल्यावर मी फुटलो. "अहो, मी काय तिथे आरती म्हणत होतो?"

"तो ओरखडा मीच पाडला, गायकवाड. उचलताना कपाटाला लागली."

पुढचं वर्षभर ते त्या रायफलीवर काम करत होते. बुलपपचं एक दुखणं असतं. चाप पुढे, यंत्रणा मागे, म्हणून दोघांना जोडणारी एक लांब सळई असते आणि तिच्यात ढिलेपणा असतो. चाप ओढला की आधी काहीच होत नाही आणि मग एकदम सुटते. सबनीस तीन वेळा त्या म्हाताऱ्याकडे गेले, समोर स्टुलावर बसून राहिले, आणि सळईच्या दोन्ही टोकांना पितळी कड्या बसवून तो ढिलेपणा पार काढून घेतला. मागची रबरी गादी बदलली, त्याने लांबी जराशी वाढली. तेवढ्यासाठी अर्धी रजा टाकून ठाण्यात गेले. कायद्याने लांबी किती हवी ते ठरलेलं असतं आणि परवान्याच्या वहीत प्रत्येक बंदुकीची लांबी लिहिलेली असते. ओनो-साननी टेप लावला, खोडलं, नवा आकडा लिहिला, शिक्का मारला. सबनीस खूश. इतके खूश मी त्यांना फारसं पाहिलं नाही.

दुसरं दुखणं गालाचं. नेम धरताना गाल जिथे टेकतो तिथे बुलपपमध्ये खाली सगळं धातूचं असतं. हिवाळ्यात गाल बधिर होतो. त्यासाठी विकतच्या गाद्या मिळतात. सबनीसांनी त्या घेतल्या नाहीत. मुंबईहून जहाजाने आलेल्या सामानात नलिनीवहिनींचा सागवानी पोळपाट होता. यांना पोळ्या येत नव्हत्या, तरी आणलेला. तो वाटेत सांध्यावर दुभंगला. त्यातल्या अर्ध्या भागातून त्यांनी कानशीने घासून घासून गालाखाली बसणारा तुकडा केला, तेल पाजलं, दोन स्क्रूंनी बसवला. इतक्या वर्षांच्या लाटण्याने ते लाकूड मध्ये थोडं खोलगट झालं होतं, तो खोलगटपणा त्यांनी तसाच ठेवला. गाल बरोबर त्यात बसायचा. याबद्दल ते एकदाच बोलले. माझ्या मालाच्या व्हॅनमधून आम्ही रेंजकडे चाललो होतो तेव्हा.

"तीस वर्षं मी यावरची पोळी खाल्ली. पोळपाटाकडे कधी बघितलं नव्हतं."

रेंजवर त्यांना बघणं वेगळंच होतं. दर खेपेला एकच क्रम. बसायचं, दस्ता खांद्यात, गाल लाकडावर, डोळे एकदा मिटायचे, उघडायचे. अर्धा श्वास सोडायचा. उरलेला अर्धा आत धरायचा. मग चाप. मला शिकवायला बघायचे. "पूर्ण सोडला की हात कापतो, पूर्ण धरला की काळीज हलवतं. अर्धा ठेवायचा, गायकवाड." माझ्याच्याने काही अर्धं होत नाही.

क्लबच्या एका महिन्याच्या स्पर्धेत ते तिसरे येत होते. शेवटच्या कागदावर एक छर्रा दहाच्या रेघेवर. मोजणाऱ्याने भिंग लावलं आणि दहा दिले. सबनीस उठून गेले, कागद हातात घेतला, आपलं भिंग लावलं.

"कागद फाटलाय म्हणून रेघ तुटलेली दिसते. छर्रा आत गेलेला नाही. नऊ."

मोजणाऱ्याने पुन्हा बघितलं आणि नऊ लिहिले. सबनीस पाचवे आले. परतताना मी चिबापासून घरापर्यंत बोललो नाही. तेही बोलले नाहीत, पण त्यांना ते कळलंच नसावं, कारण ते नेहमीच बोलत नसत. नोव्हेंबरात क्लबची वर्षाची मोठी स्पर्धा होती. तिच्यासाठी ते तयारी करत होते. दुसरं काही त्यांच्या आयुष्यात उरलेलं मला तरी दिसत नव्हतं.

आता दातार. मंडळाचे अध्यक्ष, मोठ्या बँकेत पोस्टिंगवर, गळ्यात कायम डिजिटल कॅमेरा. त्या वर्षी दसऱ्याचा कार्यक्रम ठरत होता आणि दातारांच्या डोक्यात आलं की खंडेनवमीला शस्त्रपूजा करायची. "आपण दरवर्षी लॅपटॉपला हळदकुंकू लावतो. या वर्षी आपल्याकडे खरं शस्त्र आहे. हॉलवर आणा, सबनीस."

सबनीस म्हणाले, "नाही आणता येत. रेंज, दुरुस्ती आणि तपासणी, एवढ्यासाठीच घराबाहेर काढता येते."

दातार हिरमुसले. तिथे विषय संपला असता. पण मी बसलो होतो ना मध्ये. अडलेला सौदा बघितला की मला राहवत नाही. मी सबनीसांना म्हटलं, "हॉलवर नको. तुमच्या घरी करू. तुमच्यासमोर, दहा मिनिटं. मग परत कपाटात. घरात बाहेर काढायला तर बंदी नाही?"

"नाही."

"वर्षभर राबता तिच्यावर. एक दिवस फूल वाहायचं नाही?"

मला वाटतं ते लाकूड त्यांच्या मनात आलं. "दहा मिनिटं," ते म्हणाले. त्या माणसाने आयुष्यात एकच सौदा केला, तो माझ्याशी.

नवमीला पंधराएक जण त्यांच्या दोन खोल्यांत मावले. दातारांनी पुरुषांना फेटे वाटले होते. पाटावर पांढरं कापड, त्यावर रायफल. सबनीसांनी स्वतः ती रिकामी असल्याचं तपासलं. हळदकुंकू धातूला लावायचं नाही म्हणून त्यांनी करंगळीने एक बोट हळद फक्त त्या लाकडावर लावली. आरती झाली. तेवढ्यात खालून इमारतीच्या व्यवस्थापकाचा फोन. पाहुण्यांच्या सायकली दारात आडव्या लावल्या होत्या, आत्ताच्या आत्ता काढा. सायकली कुणाच्याही असोत, घर सबनीसांचं. रायफल कपाटात ठेवायला किल्ली लपवलेल्या जागेतून काढावी लागली असती, आणि खाली व्यवस्थापक ताटकळत उभा. ते म्हणाले, "कोणी हात लावू नका." मग माझ्याकडे वळले. "गायकवाड, तुम्ही लक्ष ठेवा."

आणि ते खाली गेले.

मी ती उचलली. इथे मला दुसऱ्या कुणाचं नाव घेता येत नाही. दातार कॅमेरा घेऊन म्हणाले, "गायकवाड, मर्द गडी, फेटा शोभतोय, एक फोटो होऊन जाऊ दे," पण उचलली मी. वर्षभर व्हॅनमधून वाहिलेली, जिचा भाव मी पाडून आणला होता ती बंदूक मी एकदाही हातात धरली नव्हती. खांद्याला लावली, गाल त्या लाकडावर टेकवला, बोट चापाशी नेलं. फ्लॅश पडला. परत ठेवली. सबनीस वर आले, किल्ली काढली, रायफल पुसली, कपाटात ठेवली. आम्ही प्रसाद खाल्ला.

दातारांनी तो फोटो मंडळाच्या वेबसाइटवर टाकला. "जपानमध्ये शस्त्रपूजा." पंधरा दिवसांत सबनीसांना ठाण्यातून फोन आला. कुणी कळवलं ते मला आजही माहीत नाही. इथल्या कायद्यात ज्याच्या नावावर परवाना त्यानेच बंदूक हातात धरायची. आणि माझा स्वतःचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज तेव्हा सरकारात पडला होता.

दुभाषा म्हणून मीच गेलो. न जाणं जास्त संशयाचं झालं असतं. वाटेत मी त्यांना समजावलं, "साहेब, अशाच आकाराच्या खेळण्यातल्या बंदुका दुकानांतून ढिगाने मिळतात. सणाच्या सजावटीला खेळण्यातली आणली होती म्हणायचं. संपलं."

ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, पटलं.

ओनो-साननी फोटोची छापील प्रत टेबलावर ठेवली. फेटा, रायफलीवरच्या दुर्बिणीमागे अर्धा झाकलेला चेहरा, आणि चापाशी बोट. त्या बोटात माझी पोवळ्याची अंगठी. मी उजवा हात टेबलाखाली घेतला.

ओनो-साननी चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी सावकाश विचारलं, एकेक शब्द सुटा करून. ही बंदूक खरी आहे, की खेळण्यातली? मी इतकी वर्षं दुकान चालवलं आहे. समोरचा माणूस दार उघडून देतो तेव्हा मला कळतं. त्यांनी दार उघडून दिलं होतं.

मी सबनीसांना मराठीत सांगितलं.

"माझीच आहे म्हणावं," ते म्हणाले.

मी ओनो-सानना जपानीत म्हटलं, "खेळण्यातली आहे. सणासाठी आणली होती."

खेळण्याला जपानीत ओमोचा म्हणतात. तो शब्द सबनीसांना येत होता. ते माझ्याकडे वळले. आवाज चढला नाही. "मी असं म्हणालो नाही, गायकवाड." मग ओनो-सानकडे बघून आपल्या मोडक्या जपानीत म्हणाले, "ओमोचा नाही. माझी. हे बघा." आणि फोटोतल्या त्या लाकडावर बोट ठेवलं. हळदीचा ठिपकासुद्धा दिसत होता.

ओनो-साननी फोटो स्वतःकडे ओढला. मग विचारलं, हा माणूस कोण?

तो प्रश्न मला सबनीसांना मराठीत सांगायचा होता. मी सांगितला.

"सांगा त्यांना, माझ्या घरी आलेला पाहुणा. मी रायफल कपाटात न ठेवता खाली गेलो. चूक माझी. पाहुण्याचं नाव सांगणार नाही."

हे मात्र मी शब्दन् शब्द जपानीत सांगितलं. ओनो-साननी लिहून घेतलं. लिहिता लिहिता एकदा टेबलाच्या कडेकडे बघितलं, जिथे माझा हात असायला हवा होता. मग पुन्हा लिहू लागले.

बाहेर आल्यावर मी वाट बघितली. म्हटलं, आता बोलतील, शिवी देतील, निदान तोंड फिरवतील. मी दहा उत्तरं तयार ठेवली होती. ते म्हणाले, "उद्या गुरुवार ना? बाटल्यांचा दिवस." बस्स. खोटं बोलायला तयार झाले असते तर मी त्यांना सोडवलं असतं. माझं नाव घेतलं असतं तर मी त्यांच्याशी भांडलो असतो. दोन्ही त्यांनी होऊ दिलं नाही. माझा राग आहे तो हा.

दातारांनी फोटो काढून टाकला आणि मंडळाच्या सभेत म्हणाले की वैयक्तिक बाब आहे, आपण कशाला पडायचं. मी टेबल उलथलं. दातार हळूच म्हणाले, "हातात तुमच्या होती ना हो? मग एवढा आवाज कशाला?" त्यानंतर मी सभेला गेलेलो नाही. ठाण्यात जाऊन हात टेबलावर ठेवायला तेव्हाही उशीर झालेला नव्हता. माझा अर्ज वसंतात मंजूर झाला.

परवाना रद्द झाला, रायफल ठाण्यात जमा झाली. नोव्हेंबरची स्पर्धा त्यांच्याशिवाय झाली. त्यांच्या ऑफिसातही पोलिसांची चौकशी गेली होती, पोस्टिंग पुढे वाढलं नाही. मार्चमध्ये ते मुंबईला परत गेले. तिथे त्यांचं कोण होतं मला माहीत नाही. फोन मी केला नाही.

त्याआधी, जानेवारीत, रायफल कायमची सोडून देण्याच्या कागदावर सही करायला आम्ही शेवटचे ठाण्यात गेलो. कोतोचा म्हातारा दुकानदार ती परत विकत घ्यायला तयार होता, कायद्याने तसं चालतं. सबनीस नको म्हणाले. "ती माझ्या मापाची केली आहे. दुसऱ्याच्या गालाला बसणार नाही." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या मनात मला टोचायचं नव्हतं. त्यांना तसं येतच नव्हतं.

ओनो-साननी रायफल आतून आणून काउंटरवर ठेवली. लाकडावरची हळद सुकून तपकिरी झाली होती. त्यांनी खणातून एक स्क्रूड्रायव्हर काढला, रायफलीशेजारी ठेवला, आणि फॉर्म आत राहिला म्हणून आत गेले. फॉर्म त्यांच्या हाताखालीच होता, मला दिसत होता.

"काढा, साहेब," मी म्हटलं. "ते तुमच्यासाठीच आत गेलेत. दोन तर स्क्रू आहेत. वहिनींचं लाकूड आहे ते."

सबनीसांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, काउंटरच्या कडेला सरळ करून बाजूला ठेवला. "वहीत नोंद आहे ना, जशी आहे तशी."

मग ते वाकले. उभ्या माणसाला काउंटर खाली पडतो, त्यांना बरंच वाकावं लागलं. हात मागेच ठेवले, कारण परवाना गेल्यावर त्यांनीही तिला हात लावायचा नव्हता. उजवा गाल त्या खोलगट लाकडावर टेकवला, डोळे मिटले, आणि अर्धा श्वास सोडला. उरलेला आत धरून ते तसेच राहिले. दारात ओनो-सान फॉर्म घेऊन उभे होते, पुढे येत नव्हते. मी माझा उजवा हात खिशात घालून भिंतीपाशी उभा होतो.

मग सबनीसांनी उरलेला अर्धा सोडला, आणि सरळ उभे राहिले.